शहाण्णव चौकटींतली विद्युल्लता

दादा माझे सख्खे भाऊ नव्हेत. समोरच्या दारात राहतात. रुग्णालयात एक्स-रे काढतात. वीस वर्षं ते लोकांना तेच सांगत आलेत: श्वास घ्या, धरा, सोडा. वहिनी म्हणतात, एकदा ‘सोडा’ म्हणायला विसरले होते. तो पेशंट अजून धरून बसलाय.

उरलेल्या वेळात चार वर्षं खपून त्यांनी एक चित्रकथा काढली. नायिका विद्युल्लता. गुप्तहेर, शिवाय अंगात अद्भुत शक्ती. चोवीस पानं, शहाण्णव चौकटी. मी साहित्यात एम.ए. केलंय, म्हणून प्रस्तावना माझ्या गळ्यात पडली.

कोपऱ्यावरच्या पुस्तकवाल्यांनी पहिला अंक विकायला ठेवला. वाचकांनी मत लिहावं म्हणून शेजारी एक वही ठेवली. पंधरा दिवसांनी वही दादांच्या हातात आली.

“चित्रं सुरेख. नायिका कोणत्या अंकापासून येणार?”

“खलनायक झकास. बाई रजेवर होत्या का?”

“नाव विद्युल्लता, आणि अख्ख्या अंकात साधा दिवा लागत नाही.”

एका शाळकरी मुलीने लिहिलं होतं, “माझ्या अंकात नायिकेची पानं नाहीत. बदलून द्या.”

दादांनी वही मिटली. “डोळे घरी ठेवून वाचतात का हे लोक?”

“पण दादा, ती खरंच कुठेय?” मी विचारलं.

त्यांनी पहिलं पान उघडलं. मंत्र्यांची बैठक. मागे एक बाई खिडकी पुसतेय. “ही.” दुसरी चौकट, मोटारींचा पाठलाग. फुटपाथवर कोणीतरी छत्री दुरुस्त करतंय. “ही.” तिसरी, खलनायकाचा तळ. जिन्याच्या अंधारात एक कोपर. “ही.”

“कोपर?”

“गुप्तहेर आहे ती. समोर असते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. तीच तिची शक्ती.”

नायिकेची अनुपस्थिती हाच या कथेचा गाभा आहे, असं मी प्रस्तावनेत लिहिलं होतं. चांगली दोन पानं.

“तुम्ही ते छापू दिलंत?”

“मला वाटलं, तू गुपित राखतेयस.”

दादा दिवसभर काळ्या फिल्मवर केसाएवढी चीर शोधतात. चित्र म्हटलं की माणूस ते एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत बघतो, असं त्यांना मनापासून वाटतं.

वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. “मला तरी सांगायचंत.”

“तुला काय सांगायचं? चेहरा तुझाच आहे.”

वहिनींनी अंक ओढून घेतला. बराच वेळ निरखला. “हे माझं नाक?”

बाकीची संध्याकाळ नाकावर गेली.

शनिवारी पुस्तकवाले घरी आले. “दुसरा अंक ठेवतो. पण बाई मुखपृष्ठावर पाहिजे. लाल झगा, उंच बूट, छातीवर वीज. जमत नसेल तर फळीवरची जागा दुसऱ्याला देतो. सोमवारी सांगा.”

“झगा घालून हेरगिरी करतं का कोणी?”

“अहो, हेरगिरी नका करू. दिसा.”

आसपास चित्रकथा ठेवणारं दुसरं दुकान नव्हतं. रविवारभर दादा झगा काढत होते. काढला, खोडला, पुन्हा काढला.

“ती अशी उभी राहिली, तर चार वर्षं मी काय काढत होतो?” ते म्हणाले.

“रंग छान आहे,” मी म्हणाले. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

सोमवारी झग्याचं चित्र घेऊन दुकानात पोचवायचं म्हणून मी दादांकडे रुग्णालयात गेले. तेवढ्यात फिल्म वाचून रिपोर्ट लिहिणाऱ्या मॅडम आत आल्या. त्यांनी टेबलावर अंक ठेवला. पानापानावर पेन्सिलीचे बारीक गोल होते. खिडकी पुसणारीभोवती. छत्रीवालीभोवती. कोपराभोवती.

दादा उभे राहिले.

“पंचाण्णव सापडल्या,” मॅडम म्हणाल्या. “एकाहत्तराव्या चौकटीत नाहीये.”

“आहे मॅडम. नीट बघा.”

“मी पोट भरते ते नीट बघूनच.”

दादांनी भिंग घेतलं. तिजोरीची खोली, खलनायक एकटा. त्यांनी दाराची फट पाहिली, टेबलाखाली पाहिलं, आरसा पाहिला. ती नव्हती.

“विसरलो,” ते म्हणाले.

“आणि बहात्तरपासून ती सगळं डाव्या हाताने करते. आधी उजव्या हाताने करायची.”

चित्र गिरवायचा ट्रेसिंगचा कागद तिथून पुढे उलटा धरला गेला असणार. एक्स-रे काढणाऱ्याचं डावं-उजवं चुकलं, यापेक्षा मोठी नामुष्की नाही. दादांनी भिंग खाली ठेवलं.

“मला वाटलं, मुद्दाम आहे,” मॅडम म्हणाल्या. “त्या खोलीबाहेर तिच्या हाताला काहीतरी झालंय. काय झालं?”

दादांनी भिंग पुन्हा एकाहत्तराव्या चौकटीवर धरलं. “माहीत नाही,” ते हळूच म्हणाले.

फोन वाजला. पुस्तकवाले होते. आवाज मलाही ऐकू येत होता. “झगा झाला का?”

“झगा नाही. दुसऱ्या अंकात तिला शोधायचंय. एका चौकटीपुरती ती गायब झालीय.”

“अहो दादा, ती आधी कधी होती?”

“मग जागा द्या दुसऱ्याला,” दादा म्हणाले आणि फोन ठेवला.

“बाहेर पेशंट थांबलेत,” मॅडम म्हणाल्या.

“पाच मिनिटं.”

त्यांनी रिपोर्टाचा कोरा कागद पुढे ओढला आणि तीच खोली पुन्हा काढायला घेतली. या वेळी दाराबाहेरून.