मांडावरच्या रिकाम्या जागा

इंदुवयनी गेल्याचे मला रेणुकेने कळवले. डिचोलीच्या बाजारात माझे हार्डवेअरचे दुकान आहे. सकाळची गिऱ्हाइके होती, एका हाताने खिळे तोलत मी फोन कानाला लावला. "वैनी, म्हातारीनं चहा मागितला, आन मी घिऊन येईपर्यंत..." दुकान बंद करून मी लाटंबार्शाला पोहोचले, तेव्हा रेणुकेने उशाशी दिवा लावला होता, तोंडात पाणी घातले होते. इंदुवयनीचा एकुलता मुलगा कॅनडात. त्याने आईचा चेहरा मोबाइलवर पाहिला. रेणुका आमच्या नात्याची कोणी नव्हे. खानापूरकडची, नवरा इथल्या कारखान्यात कंत्राटावर, इंदुवयनीच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहणारी. इंदुवयनीच्या शेवटच्या घटकेला जी बाई घरात होती, तिला इंदुवयनीने मांडावर कधी उभे राहू दिले नाही. ही गोष्ट मला गेले काही आठवडे सुखाने झोपू देत नाही, म्हणून लिहिते आहे.

इंदुवयनी माझी थोरली जाऊ. आमचे फारसे पटत नसे आणि ते दोघींना मान्य होते, त्यामुळे भांडणे लवकर होत आणि लवकर संपत. ती आमच्या वाड्याची, म्हणजे वस्तीची, मांडकरीण. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: पौषात आमच्याकडे बायका धालो खेळतात. समोरासमोर दोन ओळी, कमरेत हात, एका ओळीने गायचे आणि दुसरीने उचलायचे. ज्या अंगणात हे होते तो मांड, आणि तिथे जिचा शब्द चालतो ती मांडकरीण. आमचा मांड इंदुवयनीच्या घरासमोर. मी सून म्हणून आले तेव्हा ओळी अंगणात मावत नसत, कडेची बाई तुळशीला घासून उभी राही. प्रत्येक घराची जागा ठरलेली. सासूची सुनेकडे जाई.

मग घरे सुधारली. कुणी खाणीवर ट्रक घातले, कुणी सरकारी नोकरीत चिकटले, पुढे मुले शिकून पुण्याला, बंगळुरूला, परदेशी गेली. स्लॅबची घरे आली आणि त्यांतली माणसे कमी होत गेली. माझी एकच मुलगी, इंदुवयनीचा एकच मुलगा. त्या वेळी आम्ही त्याला शहाणपण म्हणत होतो, आणि ते शहाणपणच होते. आजही मी तेच करीन. पण वाड्यावरचे शेवटचे बारसे कुणाचे, हे आता आठवावे लागते. सकाळी पोदेर पाव घेऊन भोंगा वाजवत येतो, तेव्हा बाहेर धावतात ती रेणुकेची आणि तिच्या शेजारणींची मुले.

रेणुकेचे आणि इंदुवयनीचे चांगले जमे. एकदा दोघी काजूच्या बिया वाळत घालत बसल्या होत्या, मीही होते. रेणुका म्हणाली, "गावाकडं आमची सात माणसं आन दोन खोल्या. तुमच्यात सात खोल्या आन एक माणूस. देवानं वाटप कुणाकडनं करून घेतलं काय की."

"पंचायतीक सांगिल्लें आसतलें," इंदुवयनी म्हणाली, आणि स्वतःच कितीतरी वेळ हसत राहिली.

मांडावर मात्र हसणे बंद. गेलेल्यांच्या जागा ती भरू देत नसे. ही ज्योतीची, ती पुण्याला आहे. ही सुलूची, ती लंडनला. तेवढे अंतर सोडून पुढची बाई उभी करायची. गेल्या पौषात ओळीत माणसांपेक्षा फटी जास्त होत्या. एका टोकाच्या म्हातारीचे गाणे दुसऱ्या टोकाला पोहोचत नव्हते. कुणीतरी सुचवले, बाहेरून पथक बोलवू. इंदुवयनी म्हणाली, "मांड म्हणजे नाटकाची माची न्हय."

मी म्हटले, मग रेणुका आहे, तिच्या शेजारणी आहेत. दर वर्षी मांड शेणाने सारवते कोण? रेणुकाच. "सारवपाक तिचे हात चलतात, उबी रावपाक पाय कित्याक चलनात?"

मला वाटले, आता ती देव, रीत, भायली म्हणजे बाहेरची, असे काहीतरी काढणार. मी उत्तरे तयार ठेवली होती.

"आज तिका उबी करूं," ती म्हणाली. "फाल्यां तिच्या घोवाक दुसरीकडे काम मेळटलें, ती वतली. मागीर तिचो जागो रिकामो. आनीक कितले रिकामे जागे सांबाळूं गो?"

मला तिचे म्हणणे पटले नाही. माणूस जाईल या भीतीने त्याला येऊच द्यायचे नाही, हा कुठला हिशेब... पण रेणुकेच्या नवऱ्याचे कंत्राट दर वर्षी लटकलेले असते, हेही खरे होते.

आता पौष तोंडावर आला आहे. घरात सुतक झाले तरी मांड वाड्याचा, तो थांबत नाही; एक वर्ष मोडला तर उरलेल्या आठ-दहा जणींत पुन्हा कोण उभा करणार? बायकांनी मांड माझ्या गळ्यात घातला. मला धड गाता येत नाही, पण माणसे कामाला लावता येतात, एवढे त्यांना ठाऊक आहे.

परवा मी रेणुकेकडे गेले. ती इंदुवयनीच्या पडवीत तांदूळ निवडत होती. घराची किल्ली मुलाने तिच्याकडेच ठेवली आहे. मी सरळ विचारले, यंदा ओळीत राहशील का? ती खूश होईल असे मी धरून चालले होते. तिने सूप खाली ठेवले.

"म्हातारीनं न्हाई म्हटलं हुतं."

"आता मी विचारतेय."

तिने अंगणाकडे पाहिले. "ऱ्हातो की. पर एक सांगा वैनी. आमचं काम सुटलं, आमी गेलो, तर माझी जागा रिकामी सोडणार काय? त्या ज्योतीवैनीची सोडत्यात तशी?"

इंदुवयनी असती तर काय म्हणाली असती, हे मला खरोखर माहीत नाही. मी "सोडणार" म्हटले. बाकीच्या बायकांना ते अजून सांगितलेले नाही.