हाकेच्या अंतरावर

उपनगराच्या मुख्य रस्त्यावर, औषधांचं दुकान आणि शिंप्याचं दुकान यांच्या मधल्या चिंचोळ्या गाळ्यात त्यांचं ऑफिस आहे. पाटीवर त्यांचं नाव लिहिलेलं आहे, पण ते कोणी घेत नाही. सगळे त्यांना हाकेवाले म्हणतात. घरांच्या खरेदी-विक्रीच्या त्यांनी आजवर दिलेल्या एकूण एक जाहिरातींत शाळा, बाजार, दवाखाना, बाग आणि स्टेशन ‘हाकेच्या अंतरावर’ असतं. घर कुठलंही असो. शेजारच्या शिंप्याचं म्हणणं एवढंच, की हाक कोण मारणार आहे ते जाहिरातीत छापावं, म्हणजे भांडणं होणार नाहीत.

हाकेवाले खोटं बोलत नाहीत. निदान त्यांना तसं वाटत नाही. ते सगळीकडे स्कूटरने जातात, आणि स्कूटरवरून जग जवळच दिसतं. बाकीचे शब्दही त्यांनी असेच मनापासून कमावलेले आहेत. ‘शांत परिसर’ म्हणजे बस तिथपर्यंत जात नाही. ‘वाढता भाग’ म्हणजे रस्ता खणलेला आहे. ‘हवेशीर’ म्हणजे खिडकी नीट लागत नाही. घराची किंमत भिंतींवर ठरत नाही, शेजारावर ठरते, असं त्यांचं शास्त्र. शाळा जवळ असली की भाव चढतो, पण अगदी समोर आली की मधल्या सुट्टीच्या आवाजाने उतरतो. बसथांबा असा हवा की बस आपल्याला मिळावी, हॉर्न मात्र दुसऱ्याला. हे शास्त्र ते गिऱ्हाइकाला इतक्या तन्मयतेने समजावतात, की गिऱ्हाईक घर बघायचं विसरून त्यांच्याकडेच बघत राहतं.

अशा माणसाला एके दिवशी सख्ख्या बहिणीचा फोन आला.

ताई त्यांच्याहून बऱ्याच मोठ्या. मुलींच्या शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेल्या. एकेकाळी त्यांनी ‘सावधान’ म्हटलं की मैदानाबाहेरचे फेरीवालेसुद्धा ताठ होत. यजमान गेल्यापासून दुसऱ्या गावात एकट्याच राहत होत्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत वरच्या मजल्यावर. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, पण जिन्याचं ऑपरेशन करता येत नाही, म्हणून घर विकून मोकळ्या झाल्या.

“बाळ्या,” त्या फोनवर म्हणाल्या, “महिनाअखेर मला इथून निघायचंय. तुझ्या हाकेच्या अंतरावर घर बघ. विकत घेणार आहे, आणि आता पुन्हा हलणार नाही. काय ते नीट बघ.”

हाकेवाल्यांना भरून आलं. आपला शब्द घरातल्या माणसाच्या तोंडी त्यांनी पहिल्यांदाच ऐकला होता. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी ही बातमी बायकोला दिली.

बायको चहा गाळत होती. “कुठली हाक? खरी की जाहिरातीतली?”

“असं काय बोलतेस?”

“मी काय म्हणतेय, जाहिरातीतली असेल तर माझी काही हरकत नाही.”

यामागे इतिहास होता. ऑपरेशननंतर ताई इथे येऊन राहिल्या होत्या. चालता यायला लागल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते भावजयीच्या फडताळाचं. सगळे डबे उंचीप्रमाणे ओळीत उभे केले, बुटके पुढे, उंच मागे. पुढचे कित्येक दिवस साखर शोधायची तर अख्खा वर्ग हलवावा लागे. शिवाय ताई भावजयीला ‘नवरी’ म्हणत. लग्नाच्या दिवशी म्हणाल्या त्या म्हणाल्या, आता या नवरीच्या लेकीचं लग्न होऊन ती परदेशी गेली तरी आईची ‘नवरी’ काही सुटली नव्हती. भाजीवाल्यासमोरसुद्धा “ए नवरी, मिरच्या घे गं!”

हाकेवाल्यांच्या हातात त्या वेळी ताईंना परवडतील अशी दोनच घरं होती. एक त्यांच्याच इमारतीसमोर, अरुंद गल्ली ओलांडली की तळमजल्यावर. स्वयंपाकघर अंधारं, बाजूला गाड्या दुरुस्तीचं गॅरेज. या घराचा भाव वाढणं शक्य नव्हतं. दुसरं घर वसाहतीच्या टोकाच्या इमारतीत. लिफ्ट, लांबरुंद गॅलरी, समोर मोकळं माळरान, आणि पुढेमागे पूल झाला की भाव दुप्पट. पहिल्या घराला बायकोचा विरोध आणि दुसऱ्याला शास्त्राचा पाठिंबा. हाकेवाल्यांनी पहिल्या घराचा विषयच काढायचा नाही असं ठरवलं, आणि हे आपण बहिणीच्या हितासाठीच करतोय अशी स्वतःची पक्की समजूत घातली.

ताई आल्या त्या हातात काठी आणि पायांत कॅनव्हासचे बूट घालून. गुडघा वाकत नसल्याने स्कूटरवर बसणं शक्य नव्हतं.

“चालत जाऊ,” ताई म्हणाल्या. “हाकेच्याच अंतरावर आहे ना?”

हाकेवाले त्या रस्त्याने आयुष्यात पहिल्यांदा चालले. रस्ता मुळात एवढा लांब नसावा, काल-परवा कोणीतरी ओढून लांबवला असावा, असं त्यांना वाटू लागलं. पण तोंड चालूच होतं.

“हा बघ ताई, दवाखाना.”

“कसला?”

“दातांचा.”

“माझे दात मजबूत आहेत. पुढे?”

“ही बाग.”

बागेच्या फाटकाला कुलूप होतं. आत पाटी होती, ‘फुलं तोडू नयेत’. फुलं नव्हती. ताई एका कुंपणाच्या कठड्यावर टेकल्या, गुडघा चोळला आणि म्हणाल्या, “पाटीचं पालन चांगलं होतंय.”

पुढे आणखी दोनदा त्या टेकल्या. एकदा विजेच्या खांबाला, एकदा भावाला. इमारत आली तेव्हा हाकेवाल्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि ताई घोटभर पाणी मागत होत्या.

घर मात्र त्यांना आवडलं. गॅलरीत उभ्या राहून त्यांनी लांबवर पाहिलं, वारा घेतला. “छान आहे रे. खरंच छान आहे.” हाकेवाल्यांच्या जिवात जीव आला.

“आता नवरीला फोन लाव,” ताई म्हणाल्या, “आणि तिला खिडकीत उभं राहायला सांग.”

“कशाला?”

“मी हाक मारते. तिला ऐकू येते का बघू. तूच म्हणालास ना?”

हाकेवाल्यांना आधी वाटलं थट्टा आहे. पण ताईंनी कवायतीत कधी थट्टा केली नव्हती. त्यांनी फोन लावला, बायकोला खिडकीत उभं केलं, आणि फोन खिशात ठेवायची आज्ञा झाली तशी ठेवला, वर तळहात दाबून धरला. ताईंनी काठी भिंतीला टेकवली, छाती भरली आणि हाक मारली.

मैदानं गेली होती, पण आवाज गेला नव्हता. माळरानावरचे पक्षी उडाले. खाली पेंगत असलेला वॉचमन उभा राहिला आणि कोणाला ते न बघताच त्याने सलाम ठोकला. शेजारच्या दोन-तीन गॅलऱ्यांत माणसं आली आणि माना वळवून कोणालातरी शोधू लागली.

हाकेवाल्यांनी फोन काढून स्पीकर सुरू केला. “आली का गं ऐकू?”

पलीकडून बायकोचा प्रसन्न आवाज आला, “आली की! अगदी स्पष्ट. घर घेऊन टाका, ताई.”

“काय ऐकलंस?” ताईंनी विचारलं.

“अहो, तुमचीच हाक. ‘बाळ्याऽऽ’ म्हणालात ना?”

हाकेवाले फरशीचे सांधे तपासू लागले.

“मी बाळ्याला कशाला हाक मारू? तो माझ्या शेजारी उभा आहे,” ताई म्हणाल्या. “‘नवरीऽऽ’ अशी मारली. इथले लोक अजून नवरी कुठे दिसते का ते बघताहेत.”

फोनमधून घरातला नळ बंद केल्याचा आवाज आला.

“मला कशाला पण?” बायको शेवटी म्हणाली.

“रात्री न्हाणीघरात घसरले तर कोणाला मारायची? ह्याला? ऑपरेशननंतर मी कण्हले की तूच उठून यायचीस. हा एकदा आला होता. ‘ताई, पंखा कमी करू का’ विचारून पंखा वाढवून गेला.”

“तेव्हा लाइट नव्हती, बटण दिसलं नाही,” हाकेवाले म्हणाले.

“लाइट नसताना पंखा कसा वाढला?” दोघींनी एकदमच विचारलं.

मग बायको म्हणाली, “ताई, तिथेच बसा. मी येतेय. आणि ह्यांना कशावरही सही करू देऊ नका.”

ती आली ती बरीच उशिरा, घामाघूम, एका चपलेचा अंगठा तुटलेला. दारातच नवऱ्याकडे बघून म्हणाली, “अहो, हे हाकेचं अंतर? वाटेत दोनदा वाटलं, दुसरं गाव लागलं!” मग ताईंच्या शेजारी खिडकीच्या कट्ट्यावर बसली आणि दम खात खात, त्यांच्याकडे न बघता म्हणाली, “मला काहीसुद्धा ऐकू आलं नव्हतं.”

“ते कळलं.”

“आमच्या समोर एक घर आहे. तळमजल्यावर. माझ्या ओट्यापाशी उभं राहिलं की त्याचं दार दिसतं.”

ताईंनी भावाकडे पाहिलं. “बाळ्या? हे का नाही दाखवलंस?”

हाकेवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने छताकडे पाहिलं आणि ओल कुठे आहे का ते शोधू लागली.

“ताई, व्यवहाराचं सांगतो,” हाकेवाल्यांनी शेवटचा प्रयत्न केला. “त्या घराचा भाव कधी वाढणार नाही. हे घर पूल झाल्यावर सोन्याचं होईल.”

“वाढलेला भाव घेऊन मी काय करू? पुन्हा विकू? आणि जाऊ कुठे?”

हाकेवाल्यांनी गॅलरीचं दार लावून घेतलं.

संध्याकाळी तिघं समोरच्या घरात उभी होती. घरमालक किल्ली घेऊन आला होता, आणि आता किमतीचं बोलायचं होतं. ही जबाबदारी अर्थातच हाकेवाल्यांची. अडचण एवढीच, की सख्ख्या बहिणीच्या बाजूने बोलायचं तर घराला नावं ठेवायला हवी होती, आणि उभ्या आयुष्यात त्यांनी घराला नाव ठेवलं नव्हतं. ते स्वयंपाकघरात गेले, अंधारात चाचपडले, ओट्याला आपटले आणि बाहेर येऊन म्हणाले, “उन्हाळ्यात थंड राहील हो हे.”

“मी तेच म्हणतोय,” घरमालक खुश झाला.

बायकोने त्यांच्या पायावर पाय दिला. “दिवसा दिवा लावावा लागेल इथे. कढईत काय पडलंय ते कळणार नाही. आणि त्या गॅरेजचं काय?”

“गॅरेज असणं सोयीचंच,” हाकेवाले सवयीने म्हणाले. “गाडी बिघडली तर...”

“ताईंकडे काठी आहे, गाडी नाही. तुम्ही जरा बाहेर जाऊन उभे राहता का?”

हाकेवाले बाहेर गल्लीत जाऊन उभे राहिले. आतून बायकोचा आवाज येत होता. पावसाळ्यात पाणी आत येतं का, मोरीचा नळ कोणी बसवला, खिडकीचं हे लाकूड बोटाने उकरलं जातंय ते बघा. घरमालक आधी जोरात बोलत होता, मग हळू, मग नुसतं “बरं बरं” म्हणू लागला. मध्येच ताईंचा आवाज आला, “आता पुरे गं. नाहीतर मीच घेणार नाही.”

थोड्या वेळाने दार उघडलं. घरमालक घाम पुसत बाहेर पडला आणि जाता जाता त्यांना म्हणाला, “तुमच्या मिसेसना धंद्यात का नाही घेत?”

हाकेवाले आत डोकावले. ताई खिडकीच्या कट्ट्यावर पाय लांब करून बसल्या होत्या, आणि बायको टाचा उंचावून पडद्यासाठी माप घेत होती. टेपचं दुसरं टोक धरायला कोणीतरी हवं होतं.