फटीवरचं कुंकू

माझा स्वभाव संशयी आहे, हे आमच्या घरात सगळ्यांनी मान्य केलंय आणि मला त्याची काडीइतकी लाज वाटत नाही. लग्न होऊन साताऱ्याहून इंदूरला आले तेव्हा इथल्या माणसांचं "हो जाएगा" मला फार गोड वाटायचं. आता कुणी हो जाएगा म्हणालं, की मी विचारते, कधी, कोण करणार, आणि मला दाखवणार का? मुलगी म्हणते, आई, तू कॉलेजच्या ऑफिसात उगाच वाया गेलीस, तुला पोलिसात घ्यायला हवं होतं. म्हणू दे.

गाडीचं प्रकरण तिच्याच कारखान्यातून घरात आलं. ती सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात क्वालिटी बघते आणि रोज आमची गाडी घेऊन जाते. तिच्या बरोबरीच्या एकाकडे अगदी तशीच गाडी. त्याला कंपनीचं पत्र आलं, की स्टिअरिंगमधल्या एअरबॅगमध्ये दोष आहे, गाडी आणा, फुकट बदलून देऊ. आमची गाडी जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली, त्यामुळे आमचं पत्र पहिल्या मालकाच्या दारात पडलं असणार. मुलीने कंपनीच्या साइटवर चेसिस नंबर टाकून पाहिला, तर आमचीही गाडी त्यात होतीच.

दोष काय, तर एअरबॅग फुगवणारी एक धातूची डबी आत असते. गाडी कुठे धडकली तर ती डबीच फुटू शकते आणि तिचे तुकडे चालवणाऱ्याच्या अंगात घुसू शकतात. मुलीने हे मला जेवताना सांगितलं, चटणी वाढ म्हणावं इतक्या सहज. मी हातातला घास ताटात ठेवला. जीव वाचवायला बसवलेली वस्तूच जीव घेणार? आणि आमची मुलगी बुटकी. ती सीट पार पुढे ओढून, स्टिअरिंगला जवळजवळ छाती टेकवून बसते. त्या डबीत आणि तिच्यात वीतभर अंतर. त्या दिवसापासून ती बायपासला लागली की मला कॉलेजात काही सुचेनासं झालं.

सर्व्हिस सेंटरला फोन केला की एकच उत्तर. "मॅडम, पार्ट नहीं आया." कधी येणार? "आते ही कॉल करेंगे." तोपर्यंत काय करायचं? "आराम से चलाइए." अरे वा! म्हणजे समोरच्या ट्रकवाल्यालाही तुम्ही सांगितलंय का, आराम से चलाओ म्हणून? मी चिडून बोलले की पलीकडचा माणूस आणखी गोड बोलायचा, आणि ताकास तूर लागू द्यायचा नाही. पावसाळा सरला, नवरात्र आलं, तरी पार्ट आला नाही.

आता आमच्या सासूबाईंबद्दल सांगायला हवं. त्यांचा जन्म इंदूरचा, मराठीत निम्मी हिंदी, आणि जगातल्या प्रत्येक माणसावर विश्वास. नवरा नोकरीसाठी भोपाळला, शनिवारी येतो, त्यामुळे घरात आम्ही तिघीच. दसऱ्याला गाडीची पूजा सासूबाईच करतात. पुढे बॉनेटवर काढलेलं स्वस्तिक पाण्याने धुऊन जातं म्हणून त्या दुसरं आत काढतात, स्टिअरिंगच्या मधोमध. हळद-कुंकू घट्ट कालवायचं, त्यात चिमूटभर पीठ घालायचं आणि बोटाने मोठं स्वस्तिक ओढायचं. त्याला त्या इथल्यासारखं सातिया म्हणतात. शिवाय त्यांचा एक दंडक असतो. सातिया आपोआप झडेपर्यंत त्याच्यावर हात ठेवायचा नाही. म्हणजे हॉर्न वाजवायचा नाही, कारण हॉर्न तिथेच दाबायचा असतो. मुलगी दर वर्षी कुरकुरते आणि दर वर्षी आजीचा शब्द पाळते. इंदुरात हॉर्नशिवाय गाडी चालवणं म्हणजे काय, ते इथे राहणाऱ्यालाच कळेल.

दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी फोन आला, पार्ट आला, गाडी आणा. मुलीने गाडी तिथे सोडली, कारखान्यातल्या मैत्रिणीबरोबर पुढे गेली आणि संध्याकाळी घेऊन आली. मोबाइलवर मेसेजही आला, आपल्या वाहनाचे काम पूर्ण झाले आहे, खाली जोडलेले हात आणि फूल. सासूबाईंनी लगेच देवापुढे साखर ठेवली. माझं मन मात्र म्हणालं, इतके महिने नाही म्हणणाऱ्यांनी एका दिवसात हो कसं म्हटलं?

मी चप्पल घालून खाली गेले. गाडी धुऊन लखलखत होती, आत सुवासिक फवारा मारलेला. दार उघडलं, आतला दिवा लागला, आणि समोर स्टिअरिंगवर सासूबाईंचं स्वस्तिक जसंच्या तसं.

"अगं, हे कसं राहिलं?" मी ओरडलेच.

मुलगी जिना उतरून आली. "आई, वरचं कव्हर तेच ठेवतात. आतलं बदलतात. मला तिथल्या माणसाने सांगितलं."

"पण कव्हर काढल्याशिवाय आतलं कसं बदलतील?"

"काढतात आणि परत बसवतात."

मी मोबाइलचा टॉर्च लावला आणि अगदी नाक लावून बघितलं. सासूबाईंचा हात सढळ. स्वस्तिकाचा एक पाय मधल्या कव्हरवरून फट ओलांडून बाहेरच्या भागावर गेला होता. फटीत कुंकू भरून घट्ट वाळलं होतं. वर पापुद्रा, अखंड. कुठे केसाइतकीही चीर नाही. कव्हर एकदा जरी बाहेर आलं असतं तरी तो पापुद्रा फुटला असता.

"हात लावलेला नाही मेल्यांनी," मी म्हणाले.

मुलगी खाली वाकली. बराच वेळ बघत राहिली. रोज मालातले दोष काढणारी माझी मुलगी, आणि संध्याकाळी त्याच जागेसमोर बसून बायपासने घरी आली होती. तिचा चेहरा उतरला, पण म्हणाली, "उद्या ऑडिट आहे गं. परवा बघू."

परवा! माझ्या डोक्यात तिडीकच गेली. मी तिच्याशी वाद घातला नाही. ती झोपायला गेल्यावर गाडीची किल्ली उचलली आणि पोह्यांच्या डब्यात खोल खुपसून ठेवली. आता इंदुरात राहून किल्ली पोह्यांच्या डब्यात लपवणारी मीच एक शहाणी. सकाळी सासूबाईंनी पोहे भिजवायला डबा उपडा केला, तर परातीत किल्ली.

"हे काय नवीन?" त्या म्हणाल्या.

मग मला सगळं सांगावंच लागलं. त्यांना पटलं नाही. "फालतूमध्ये शक करते तू. इतकी मोठी कंपनी, झूठ कशाला बोलेल?" मी म्हटलं, आई, मोठी आहे म्हणूनच बोलेल, तिला कोण विचारणार? शेवटी मुलीनेच तोडगा काढला. ऑडिट दुपारी होतं, सकाळी आधी सर्व्हिस सेंटरला जायचं. सासूबाई म्हणाल्या, मी पण येते, तू त्या लोकांवर उगाच बरसशील.

मी एकच अट घातली. हॉर्न वाजवायचा नाही. दाबला की पापुद्रा फुटला, आणि पापुद्रा फुटला की आमच्याकडे काय उरलं? मी आदल्या रात्रीच फोटो काढले होते, पण फोटो बघून ते लोक हसतील अशी मला खात्री होती. तर निघालो. कृष्णपुऱ्याच्या पुलावर एक गाय, दोन ई-रिक्षा आणि उलट्या बाजूने येणारा एक भिया, म्हणजे इथला भाईसाहेब, सगळे आमच्यासमोर. मी खिडकीतून अर्धी बाहेर येऊन "अरे हटो, हटो ना!" ओरडत होते. मागून सासूबाई टाळ्या वाजवत होत्या. मुलगी हसून हसून लाल झाली होती. मलाही हसू येत होतं, पण तिची छाती त्या स्टिअरिंगला टेकलेली दिसली की हसू जागच्या जागी विरायचं.

सर्व्हिस सेंटरमध्ये आदल्या दिवशी गाडी ताब्यात घेणारा ॲडव्हायझर भेटला. इस्त्रीचा शर्ट, कपाळावर टिळा, बोलण्यात मध. "हो गया है मॅडम, सिस्टम में क्लोज है."

"क्लोज सिस्टममध्ये आहे. गाडीत काय आहे ते दाखवा."

"कव्हर वही रहता है, मॅडम, इसलिए आपको—"

मी त्याला हात धरूनच गाडीपाशी नेलं. फट दाखवली. पापुद्रा दाखवला. म्हटलं, तुम्ही कव्हर काढलंत आणि परत बसवलंत, मग हे कुंकू मधूनच कसं नाही तुटलं? बसवल्यावर हॉर्न तर तपासला असेल ना? मग बोटाचा ठसा कुठाय?

तो वाकून बघायला लागला. त्याचे कान लाल झाले. मग हळू आवाजात म्हणाला, "असल में, मॅडम, पूजा की हुई थी. मेकॅनिक बोला, ताजा सातिया है, दसरे का, इस पर स्क्रूड्रायव्हर कैसे लगाऊँ? हमने सोचा, दिवाली बाद बुलाकर कर देंगे."

"आणि मेसेज?"

"वो... ऊपर से रोज पूछते हैं, कितनी गाडियाँ बाकी हैं."

हा माणूस खरं बोलतोय, की पार्ट आलाच नव्हता आणि आता देवाच्या आड लपतोय? मला आजही कळलेलं नाही. खरं असेल तर जास्तच वाईट, असं मला वाटतं. आणि मागे सासूबाईंचा चेहरा बघितला तर तो विरघळलेला. मला वाटलं, आता या म्हणणार, बघ किती श्रद्धावान लोक. माझ्या अंगाचा भडका उडाला. मी तोंड उघडलं, तेवढ्यात सासूबाईंनी मला बाजूला सारलं.

त्या ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या. पदर तोंडाजवळ नेऊन ओला केला आणि स्वतः काढलेलं स्वस्तिक खसाखसा पुसायला लागल्या. नखाने फटीतलं कुंकू उकरून काढलं. पांढऱ्या पातळाला लाल डाग पडले.

"बेटा," त्या त्याला म्हणाल्या, "माझी नात इथे बसते. देवाचं नाव घेऊन तिच्याशी असं नको करू. मला पाप लागेल, ते मी बघून घेईन. तू पार्ट लाव."

तो खाली मान घालून "जी माताजी" म्हणाला. मुलगी दुसरीकडे बघत डोळे पुसत होती. मी इतकी वर्षं या बाईला भोळी म्हणत आले. त्या दिवशी मी नुसता त्यांचा हात धरून त्यांना खाली उतरवलं.

पार्ट आतून अर्ध्या तासात आला. म्हणजे होता? की शेजारच्या कुठल्या गाडीचा उचलून आणला? मी विचारलं, तर सगळे कामाला लागल्यासारखे इकडेतिकडे गेले. कस्टमरने काचेच्या अलीकडे बसायचं असतं, चहा मिळतो, टीव्ही असतो. मी चहा घेतला नाही आणि काचेच्या अलीकडेही बसले नाही. गाडीच्या दाराशी उभी राहिले. मॅडम, इन्शुरन्सचा प्रॉब्लेम होईल, म्हणाले. मी म्हटलं, होऊ दे.

बॅटरीची वायर काढली, थोडा वेळ थांबले, मग कव्हरसकट एअरबॅग बाहेर आली. तिच्या पाठीमागे ती डबी होती. लोणच्याच्या बरणीच्या झाकणाएवढी, चपटी, चकाकणारी. मेकॅनिकने नवी खोक्यातून काढली. मी म्हटलं, दोन्ही शेजारी ठेवा. त्याने ठेवल्या. मी डोळे फाडून बघितलं. काही म्हणता काही फरक नव्हता. तशीच डबी, तसाच चकाकणारा पत्रा, नंबर वेगळे, पण नंबर काय कुणीही छापेल. मी ज्यासाठी रात्रभर जागले आणि भांडले, ते समोर होतं आणि मला त्यातलं काहीही कळत नव्हतं.

नवी बसवली, वायर जोडली, हॉर्न वाजवून दाखवला. ॲडव्हायझर हात जोडून आला. "अब तो भरोसा हुआ, मॅडम?"

"ही नवी चांगली आहे, हे मला कसं कळणार?" मी विचारलं. या वेळी आवाज चढवला नव्हता. मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

तोही या वेळी गोड बोलला नाही. डोकं खाजवलं आणि म्हणाला, "वो तो मॅडम, गाडी ठुकेगी, तभी पता चलेगा."

मुलीला ऑडिट होतं. आम्हाला रिक्षात बसवून ती सांवेर रोडकडे निघाली, सीट पुढे ओढून, पुढच्या वळणावर खुशाल हॉर्न वाजवत. सासूबाई मला म्हणाल्या, "आता तरी मन शांत झालं?" मी हो म्हटलं. आयुष्यभर मी सगळ्यांना, दाखवा, दाखवा, म्हणत आले. आता रोज सकाळी तिची गाडी फाटकाबाहेर पडते तेव्हा मी गॅलरीत उभी राहून देवाला एवढंच म्हणते, की हे एक मात्र मला कधीच दाखवू नकोस.