अण्णांचा वाफा मी साफ केला

मला बागकाम येतं, असं मी आमच्या घरमालकांना सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं. फक्त तोपर्यंत कोणी पडताळून पाहिलं नव्हतं.

घरमालक म्हणजे अण्णा. जे. पी. नगरात वरच्या मजल्यावर ते आणि त्यांच्या पत्नी अक्का, खाली भाड्यानं मी आणि मृणाल. आम्ही नागपूरचे, नोकरीपायी इथे आलेलो. अण्णांचं घराणं मात्र पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरूत राहून मराठी बोलत आलेलं. (त्यांचं मराठी मला कळायला एक पावसाळा गेला. माझं त्यांना अजून कळायचंय.) अंगणात त्यांची छोटीशी बाग. जानेवारीत दोघं एका लग्नाला म्हैसूरला निघाले, तेव्हा अण्णा म्हणाले, "सुहास, बागेकडे स्वल्प लक्ष ठेव हां."

स्वल्प म्हणजे थोडं, एवढं कन्नड मला येत होतं. पण वडीलधाऱ्या माणसानं विश्वासानं सांगितलेलं काम थोडंच करायचं? छे!

त्याच दिवशी कॅनडाहून ताईचा व्हिडिओ कॉल आला. तिच्या खिडकीबाहेर कमरेएवढा बर्फ, आणि ती आत बसून बागेची स्वप्नं बघत होती.

"वसंत यायच्या आत वाफे तयार पाहिजेत रे! वाळलेलं सगळं उपटायचं, माती खोल खणून उलटी करायची, शेणखत घालायचं, वर पुठ्ठे झाकायचे. माझी जमीन दगड झालीय. तू तरी खण!"

"पण ते थंड प्रदेशात ना?" मृणालनं मागून विचारलं.

"इथे काय कमी थंडी आहे?" मी म्हणालो. "अक्का कानटोपी घालून दूध आणायला जातात!"

माझं भूगोलाचं ज्ञान एका कानटोपीवर उभं होतं, हे मृणालच्या लक्षात आलं होतं. तिनं ते बोलून दाखवलं नाही. (लग्नाला वर्षं झाली की बायका असल्या गोष्टी पुढच्या भांडणासाठी राखून ठेवतात.)

शनिवारी मी कुदळ घेतली. गुलाब, तुळस, कढीपत्ता, सगळं हिरवं ठीक होतं. पण भिंतीकडेचा सगळ्यात मोठा वाफा बघून मला अण्णांची दया आली. पार उजाड! चार वाळक्या काड्या आणि भुसभुशीत माती. मी ताईला फोनवर दाखवलं. "मेलंय सगळं. काढ!" ती कॅनडातून म्हणाली.

काढलं. आणि खणता खणता मला खजिना लागला! मातीत गोल गोल, तपकिरी, केसाळ गड्डे. घमेलंभर!

"मृणाल, अळकुड्या! अण्णा लावून विसरले वाटतं. म्हातारी माणसं!"

मृणालनं एक गड्डा उलटापालटा करून बघितला. "नक्की अळकुड्याच ना?"

"अगं, मी नागपूरचा आहे!" (याचा अळकुडीशी संबंध काय, हे कृपया मला विचारू नका.)

रविवारी अण्णा-अक्का परतणार होते. दमून आलेल्या माणसांना काय करायला लावायचं, म्हणून आम्ही त्यांना जेवायलाच बोलावलं. बेत ठरला अळकुडीच्या रस्साभाजीचा. सोलताना मृणालचे हात कोपरापर्यंत खाजले. "म्हणजे अस्सल आहे," मी म्हणालो आणि भाजीत चिंच जरा जास्त घालायला सांगितली.

रात्री पानं वाढली. अण्णांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले, मान डोलावली. "वा! चिंच सरी पडली आहे. अगं, बघ चव." (सरी म्हणजे बरोबर, एवढंही कन्नड मला येत होतं.)

"वेगळीच चव आहे," अक्का म्हणाल्या. "कुठून आणलंस रे?"

या क्षणाची मी कालपासून वाट पाहत होतो.

"विकत नाही आणलं, अक्का! तुमच्याच बागेतलं! अण्णा, भिंतीकडेचा तो मेलेला वाफा मी सगळा साफ करून टाकला!"

अण्णांचा हात पानातच थांबला. "भिंतीकडचा?"

"हो! खोल खणला!"

"अय्यो," अक्का हळूच म्हणाल्या.

मग मला कळलं. तो शोभेचा अळू होता. लाल शिरांचा, गुलाबी ठिपक्यांचा, पांढऱ्या पानांवर हिरव्या जाळीचा. थंडीत त्याची पानं झडतात, गड्डे मातीत झोपतात आणि एप्रिलच्या पावसात उठतात. अण्णा पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात असताना मशीन दुरुस्त करायला गावोगाव जायचे, आणि प्रत्येक गावाहून एक गड्डा रुमालात बांधून आणायचे. सगळी नोकरी त्या वाफ्यात होती. आता ती रश्श्यात होती.

अण्णा पानातली एक फोड बोटानं वळवून बघू लागले. "हा मंगळुरूचा असेल," ते पुटपुटले. "नाही... कोइंबतूरचा." आणि तिथेच त्यांचा आवाज बसला. तो भाजीनं बसला की बातमीनं, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

कारण तेवढ्यात सगळ्यांचेच घसे पेटले! मृणाल ताकाकडे धावली, अक्का गुळाकडे, मी बर्फाकडे. शेवटी चौघंही ओठ सुजवून कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे रांगेत बसलो.

"काय खाल्लंत?" त्यांनी विचारलं.

मी जमिनीकडे बघत होतो. मग अण्णा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "बाग."

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि माझ्याकडे असं काही बघितलं, की मला घशापेक्षा कान जास्त गरम लागले. रस्त्यानं परतताना अण्णा माझ्या दहा पावलं पुढे चालत राहिले. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला जिना चढलो. शब्द जुळवत होतो, तोच मृणाल मागून बादली घेऊन आली. सोलायला फार लहान म्हणून तिनं बोराएवढे गड्डे बाजूला टाकले होते. अण्णांनी बादलीत हात घातला. एकेक गड्डा तळहातावर घेऊन फुंकर मारली. तोंडाकडचा अंकुर बघून त्यांचे डोळे पाणावले, आणि मला तिथेच जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. (वर पुठ्ठे झाकूनसुद्धा.)

"सरी," ते एवढंच म्हणाले. "चल, लावू."

आम्ही लावले. म्हणजे त्यांनी लावले. मला फक्त पाण्याचा झारा धरायला मिळाला, तोही रिकामा.

एप्रिलात दोन पाऊस झाले आणि सुरळीतून पानं उलगडली. एक लाल शिरांचं. एक गुलाबी. बाकीची हिरवीगारच दिसत होती, पण अण्णा प्रत्येकासमोर उकिडवे बसून गावाचं नाव ओळखायचा प्रयत्न करत होते. मला कित्येक आठवड्यांनी मोकळा श्वास घेता आला. मग एका सकाळी पाहिलं, तर वाफ्याभोवती तारेची जाळी आणि वर कुलूप!

"उंदरांसाठी का हो, अण्णा?" मी जिव्हाळ्यानं विचारलं.

"छे रे," अण्णा किल्ली खिशात टाकत म्हणाले. "उंदरांनी कधी स्वल्पही त्रास दिला नाही."