तुमची तिसरी ओळ

दांडिया बाजारातल्या आमच्या बायकांच्या भजनी मंडळासाठी मी पदं लिहिते. नवं पद गाऊन झालं की कुणीतरी डोळे पुसत म्हणतंच, "देवानेच लिहून घेतलं हो तुमच्याकडून." मी हसते. गॅसच्या बिलामागे सतरा वेळा खोडलेल्या ओळी काय त्याने खोडल्या होत्या?

यंदा मंडळाने पदांची पुस्तिका छापली. कागद देणाऱ्या शेठचं नाव पहिल्याच पानावर, ठळक अक्षरांत. माझं कुठेच नाही. विचारलं तर अध्यक्षबाई म्हणाल्या, "अहो, भक्तीत कसलं आलंय नाव!"

आठवड्याभरात त्यांचाच फोन आला. 'जय श्रीकृष्ण' झाल्यावर म्हणाल्या, "ते सगळ्यांना रडवणारं विरहाचं पद आहे ना, त्यातली तुमची तिसरी ओळ तालात बसत नाही बघा."

चूक निघाल्याबरोबर ओळ माझी झाली!

"ज्याने लिहून घेतली त्यालाच विचारा," म्हणून मी फोन कट केला.

आणि तरीही वही काढून तीच ओळ दुरुस्त करत बसले, कारण ती खरंच अडखळत होती. नवरा गेला त्या महिन्यात मी ते पद लिहिलं होतं, देवाला शिव्या देत देत. मंडळात ते देवाची आळवणी म्हणून गातात. वहीवरून मान वर केली तर समोर देव्हारा. त्या महिन्यापासून मी तिथे दिवा लावलेला नाही.