पांढरीची मोजणी

रविकांतच्या नोकरीचे सत्तावीस दिवस उरले होते आणि एक इच्छा उरली होती. भूमी अभिलेख खात्यात छत्तीस वर्षं त्याने लोकांचे बांध मोजले. मोजणी झाली की एक बाजू सही करायची आणि दुसरी अपिलात जायची. दोन्ही बाजूंनी हसत सही केलेला एकही कागद त्याच्या हातून झाला नव्हता. हसत नसल्या तरी चालेल, असं तो हल्ली स्वतःशी म्हणायला लागला होता.

त्या सकाळी तो पुणतांब्याच्या अलीकडच्या एका गावात उभा होता. अकरा वाजता ड्रोन उडणार होतं, गावठाण मोजायला. ड्रोन उडवणारी सृष्टी म्हणाली, "सर, दीडशे वर्षं कुणी मोजलंच नाही?"

"कशाला मोजतील? पिकते ती काळी, राहायची ती पांढरी. शेतसारा काळीतून मिळायचा, म्हणून इंग्रज साहेबांची मोजणीची साखळी काळीवर पडली. पांढरी नकाशात कोरी."

त्याच्याही आधीचा एक कापडी नकाशा त्याने उमेदवारीत पाहिला होता. डोंगरांवर मोर होते, नदीत मासे होते, आणि घोड्यांना पाणी मिळेल तिथे निळा ठिपका. फौजेसाठीच काढलेला असणार, पण मासे काढायला कुणी मना केलं नव्हतं. साऱ्याच्या नकाशात मासे मेले. आता बँकेला कागद हवा, म्हणून घरं नकाशात चढत होती. मेलेले मासे त्याला अधूनमधून आठवत आणि जेवण जात नसे. आज मात्र त्याला सकाळपासून उगाच हसू येत होतं.

कारण गाव वेडं झालं होतं. वरून हद्द दिसावी म्हणून ज्याने त्याने घराभोवती चुन्याची फक्की मारायची होती. हौसेला मोल नव्हतं. कुणी हद्दीला वेलबुट्टी काढली, कुणी खुराड्याला चौकट घातली. एकाने बसलेल्या म्हशीभोवती रेघ ओढली. म्हैस उठून गेली, रेघ राहिली. रविकांतच्या बुटांपासून भुवयांपर्यंत चुना होता.

एकच बोळ कोरा होता. अलीकडे छबूबाई, सत्तरीची. पलीकडे तिचा धाकटा दीर गहिनीनाथ. बोळ कुणाचा यावरून एकोणीस वर्षं अबोला. शेजाऱ्यांनी मिळून रेघ मारली नाही तर 'वाद' असा शेरा पडतो आणि दोन्ही घरांची मालकीची सनद अडकते.

"त्यास्नी सांगा," छबूबाई रविकांतला म्हणाली, "बोळ माझ्या सासऱ्यानं मला दावलाय."

दीड हातावर उभा असलेला गहिनीनाथ म्हणाला, "त्यास्नी सांगा, सासरा त्यांचा, पन बाप कुनाचा हुता?"

पावणेअकरा वाजून गेले होते. रविकांतने टेपचं एक टोक तिच्या हातात दिलं, दुसरं त्याच्या. "आकडा मोठ्याने सांगा," म्हणाला आणि वही घेऊन बोळाच्या पार टोकाला जाऊन उभा राहिला. इतक्या लांबून आपल्याला काही ऐकू येणार नाही, हे त्याला नीट ठाऊक होतं.

"सा फूट दोन," छबूबाई ओरडली.

"सा फुटाला यक इंच कमी," गहिनीनाथ ओरडला.

"काय?" रविकांत कानाला हात लावून म्हणाला. "ऐकू येत नाही. आधी दोघांचं एक करा."

छबूबाईने भिंतीकडे पाहिलं, मग आभाळाकडे, मग नाइलाजाने दिराकडे. "चष्मा घाला."

"घातलाय. टेप ढिला धरलाय तुमी."

"मी न्हाई. टेपच म्हातारा झालाय."

"मंग सा धरू," गहिनीनाथ म्हणाला. "तीन तुमचं, तीन माझं. टेप कुनाचाच न्हाई."

टोकाला रविकांतने वही तोंडावर धरली. खांदे हलत होते.

"सर, पाचच मिनिटं," सृष्टीने हाक दिली. पाती गरगरू लागली. छबूबाईने चुन्याचा डबा उचलला आणि कमरेत वाकून मधोमध रेघ ओढत निघाली. पाच-सहा पावलं गेली असेल, तर समोर एक पाय.

"भावजी, पाय उचला."

"हे मधोमध न्हाई. रेघ चार बोटं माझ्याकडं आलीय."

"उचला म्हनते."

"न्हाई उचलत, वहिनी."

ड्रोन उडालं. बोळावर त्याची सावली आली. छबूबाई थांबली नाही. तिने डबा आपल्या बाजूला वळवला, आणि अंगठा, चवडा, टाच अशी पायाभोवती चुना टाकत पुढे गेली. "घ्या. नखासकट घ्या." बोटांमध्ये चुना पडला तसा गहिनीनाथला गुदगुल्या झाल्या. तो हसला, पण पाय हलवला नाही. रेघ टोकाला रविकांतच्या बुटांशी टेकली आणि तिघेही आ वासून वर बघत असतानाच फोटो निघून गेला.

तेवीस दिवसांनी नकाशा ग्रामपंचायतीत पडताळणीला लागला. बोळातली रेघ सरळ येत होती आणि एका जागी छबूबाईच्या बाजूला फुगली होती. हरकत आली तर सगळा बोळ पुन्हा वादात जाणार होता. रविकांतने त्या फुगवट्यावर बोट ठेवलं.

"हे... सरळ करून देऊ का?" त्याने चाचरत विचारलं.

"काय बी करू नका," गहिनीनाथ म्हणाला. "माझा पाय हाय तिथं."

छबूबाईने कागद डोळ्यांशी धरला. "ऱ्हाऊ द्या सायेब. सरकारला तरी कळंल ह्यांचा पाय केवढा हाय त्ये." तिने एक एक अक्षर जोडत सही केली. गहिनीनाथने तिच्या हातून पेन घेतलं आणि खाली सही केली. सही करताना तो पुन्हा हसला, कारण ती अजून त्याच्या पायाकडेच बघत होती.

शेऱ्याच्या रकान्यात रविकांतला दोनच शब्द लिहायचे होते: 'उभयपक्षी मान्य'. छत्तीस वर्षं पाठ असलेले आणि एकदाही न लिहिलेले. एका हाताने डोळे पुसत आणि हसू आवरत त्याने ते लिहिले.

छबूबाई वाकून बघत म्हणाली, "सायेब, अक्षर लई वाकडं हाय हो तुमचं."