कारलिफ्टमधला सम्राट

आखातात राहून मध्ययुगातल्या इटलीची काळजी वाहणारा माणूस मी एकच पाहिला, आणि माझं नशीब असं की रोज सकाळी त्याच्याच गाडीत बसून मला कामावर जावं लागे. हे काका शारजात, अल नहदाला आमच्याच बिल्डिंगमध्ये राहायचे आणि दुबईत जबल अलीला आमच्या कंपनीत कॉन्ट्रॅक्ट्स तपासायचे. एकाच्या गाडीतून शेजाऱ्यांनी मिळून जायचं, त्याला तिकडे कारलिफ्ट म्हणतात. काकांच्या कारलिफ्टमध्ये मी आणि उशिराची सदा धास्ती घेतलेला स्टोअरकीपर सावंत. प्रवासी कसले, प्रजाच म्हणा ना!

एसी किती, काच कधी खाली, रस्ता कुठला, सगळं काका ठरवणार. एकदा सावंत घामाघूम होऊन म्हणाला, "काका, एसी वाईच वाढवा की." झालं! काकांनी सिग्नलला मान मागे वळवली. "सावंत, इटलीत बोलोन्याच्या पंडितांना जुना रोमन कायदा नव्याने गवसला, त्यात काय होतं? सम्राटाची मर्जी तोच कायदा, आणि सम्राट स्वतः कायद्याच्या वर! चर्चच्या वकिलांनी त्याच जोरावर पोपला सगळी सत्ता बहाल केली. मग राजे म्हणाले, आम्हीच काय घोडं मारलंय? अशी ती अनियंत्रित राजेशाही आली. कळलं?"

"कळलं. पण एसी?"

"माझी मर्जी."

शेवटी मात्र ते न चुकता म्हणायचे, "त्याच कायद्यात याच्या अगदी उलट एक वाक्य आहे..." आणि नेमकं कंपनीचं गेट यायचं. "उद्या सांगतो, इन्शाल्ला." दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलोन्यापासून सुरुवात! असा वैताग यायचा म्हणून सांगू! पण ते सुट्टीवर गेले की आम्ही कंपनीच्या बसने जायचो, आणि त्या गारेगार बसमध्ये मला अजिबात करमायचं नाही.

काकांची साठी झाली, व्हिसा खलास, आता कायमचं पुण्याला परतायचं. "पुण्यात कोण ऐकणार हे?" ते एकदा म्हणाले. "मी तोंड उघडलं की मुलगा म्हणतो, डॅड, प्लीज."

शेवटच्या सकाळी त्यांनी आपणहून एसी वाढवला. सिग्नलला थांबल्यावर मागे न बघताच म्हणाले, "ते वाक्य राहिलंच. जे सगळ्यांना लागू होतं, त्याला सगळ्यांची संमती हवी. तेही चर्चच्याच वकिलांनी पुढे आणलं, बरं का. तर सांगा, हायवेने जाऊ, की आतून, ट्रॅफिकमधून?"

"ट्रॅफिकमधून," सावंत ताबडतोब म्हणाला. मीही हात वर केला.

काकांनी चष्मा पुसला आणि गाडी गर्दीत घातली. दोन सिग्नल गेले. शेवटी सावंतच पुढे वाकून म्हणाला, "काका, ते बोलोन्याचं सांगा ना. पहिल्यापासून."